चुकीला वाव

१

पंप निवडायची अमृतची एक रीत होती, आणि ती मोडलेली डहाणूत कुणी पाहिली नव्हती. आधी उंची, मग पंप. गिऱ्हाईक घाई करायचं, "मोठ्यातला मोठा टाका ना, पाणी कसं धो धो आलं पाहिजे." अमृत नुसता हसायचा, खिशातून पाच मीटरची पोलादी टेप काढायचा आणि गुडघे टेकून कपाटात डोकं घालायचा.

माशांच्या मोठ्या टाकीखाली कपाटात एक लहान टाकी असते, तिला या धंद्यात संप म्हणतात. वरचं पाणी सांडून संपात उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि संपाच्या शेवटच्या कप्प्यात बसवलेला पंप ते परत वर चढवतो. चोवीस तास, बारा महिने. लहान पंप घातला तर पाणी वर पोचेपर्यंत दमतं आणि मासे तोंडं वर काढून धापा टाकतात. मोठा घातला तर टाकीत वादळ उठतं. म्हणून अमृत संपातल्या पाण्यापासून वरच्या नळीच्या तोंडापर्यंतची उंची मोजायचा, वाटेतल्या प्रत्येक वळणाचा अर्धा फूट त्यात धरायचा आणि मग कंपनीच्या कागदावरच्या आलेखावर बोट ठेवायचा. इतक्या उंचीला हा पंप ताशी इतके लिटर देणार. देणार म्हणजे देणारच. माणसं खोटं बोलतात, तो म्हणायचा, पंप बोलत नाही.

डहाणू रोडला स्टेशनजवळ त्याचं दुकान होतं. दुकानाच्या पाटीवर, गाडीच्या दारावर, कार्डावर एकच ओळ: 'चुकीला वाव नाही'. लोकांना ती जाहिरातीची ओळ वाटायची. त्याची आई पुतळी मात्र ती वाचायची तेव्हा मान दुसरीकडे वळवायची.

२

कारण झाईच्या किनाऱ्यावर, जिथून ही माणसं आली, तिथे वाव म्हणजे माप. दोन्ही हात पसरले की या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत भरतं तेवढा एक वाव. दोरी वावाने मोजतात, दर्याची खोली वावाने सांगतात. आता हात माणसागणिक वेगळे, म्हणून कुणी माप सांगितलं की समोरचा विचारणारच, "कोणाच्या हाताने?"

अमृतचा बाप हिरू बुटका होता. पाच फुटांच्या माणसाचा वावही पाच फुटांचा. होडी त्याची, हुकूम त्याचा आणि नांगराची दोरीही त्यानेच मोजलेली, अकरा वाव. एका दुपारी वारा फिरला, हिरूने नांगर टाकला आणि नांगराने तळ धरलाच नाही. होडी खडकावर गेली. दोन खलाशी किनाऱ्याला लागले, पण मेलेले. हिरू लागलाच नाही. तेरावं व्हायच्या आत गावाने निकाल दिला: हिरूचा वाव आखूड, दोरी दोन हात कमी पडली. बरोबर दोन हात. खाली जाऊन कोण मोजून आलं होतं देव जाणे, पण आकडा ठरला तो ठरला.

अमृत तेव्हा नऊ वर्षांचा होता. वर्गातली पोरं त्याला पाहिलं की हात आखडते घेऊन 'अकरा वाव, अकरा वाव' करायची. पुतळीने वर्षभर ऐकलं, मग एके दिवशी भांडीकुंडी बांधली आणि पोराला घेऊन डहाणूजवळ सरावलीला आली. सुकी मासळी विकून तिने त्याला वाढवलं, पण दर्याकडे पाठ ती पाठच. "एक दिला, दुसरा देणार नाय," एवढंच म्हणायची. मुलगा बघता बघता सहा फुटांच्या वर गेला. काचेच्या टाक्यांचा धंदा करतो म्हणाला तेव्हा ती मनापासून हसली. "दोन फुटांचा दर्या! कर बाबा. त्यात कोण बुडतंय?"

बापाच्या आठवणी अमृतकडे फार नव्हत्या. एक मात्र स्वच्छ होती. झाईला घरामागच्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला बाप आणि काठावर दोरी धरून बसलेला तो. खालून एक झटका आला की थांब. दोन झटके आले की सोड, अजून सोड. तेवढ्या दोन शब्दांवर बापलेकांनी अख्खी सकाळ काढली होती, आणि अमृत एकदाही चुकला नव्हता. वर आल्यावर बापाने ओल्या हाताने त्याच्या डोक्यावर टपली मारली होती.

बाप चुकला होता हे त्याने मान्य केलं होतं. बापावर त्याचं प्रेम होतं, आणि लाजही वाटायची. म्हणून तर टेप. हाताने मोजायचं नाही, अंदाजाने काही करायचं नाही, ही त्याने स्वतःला घातलेली शपथच होती.

३

तलासरीला हायवेला लागून जिग्नेशने नवं लॉज बांधलं होतं. खालच्या हॉलमध्ये शिरताच डोळ्यांत भरेल अशी आठ फुटांची टाकी हवी, ही त्याच्या बायकोची, रुपलची हौस. खाऱ्या पाण्याची, रंगीत माशांची.

"खाली संप बसवावा लागेल," अमृत म्हणाला.

"संप?" जिग्नेशने कपाळाला हात लावला. "अरे अमृतभाई, उद्घाटन व्हायच्या आधीच संप? माझी माणसं तर अजून कामाला पण नाय लागली!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की रुपलला त्याला पाणी द्यावं लागलं.

काम झोकात झालं. बोअरचं पाणी शुद्ध करून भरलं, त्यात पोत्यातलं मीठ विरघळवलं. खऱ्या समुद्राचा एक थेंब त्या टाकीत नव्हता. संपाच्या शेवटच्या कप्प्याला, शेवाळ धरू नये म्हणून, अमृतने बाहेरून काळा कागद चिकटवला. कप्पा सोळा इंच खोल. तळाला पंप, त्याला लवचीक नळी, वायर पुरून उरणारी, म्हणून तिचं वेटोळं करून त्याने कपाटातल्या खिळ्याला अडकवलं.

एकूण उंची भरली साडेसहा फूट. त्या उंचीला त्या पंपाने ताशी साडेचार हजार लिटर द्यायला हवेत. अमृतने वरच्या नळीचं तोंड वीस लिटरच्या बादलीत धरलं आणि घड्याळ लावलं. बादली सोळा सेकंदांत भरली. हिशेबाने सोळाच सेकंद लागायला हवे होते.

"बरोबर?" जिग्नेशने विचारलं.

"चुकीला वाव नाही, शेठ."

पहिले चार पिवळे मासे सोडले. उद्घाटन पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी होतं, तेव्हा बाकीचे येणार होते. घरी जाताना अमृत गाडीत शीळ घालत होता.

४

आठवड्याने रुपलचा फोन आला. "अमृतभाई, पाणी ढिलं पडलंय. मासे वर येऊन तोंड मारतात. जरा बघा ने."

अमृतने बादली लावली. चोवीस सेकंद.

पहिल्यांदा माणूस जे करतो ते त्याने केलं. पंप उघडला, धुतला, पंखा फिरवून पाहिला. कचरा नाही, झीज नाही. नळी मोकळी, झडप पूर्ण उघडी. पंप परत बसवला, बादली लावली. चोवीस. पंप दुकानात नेऊन बादलीत सोडला तर झकास चालला. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कपाटातली फरशी तर कोरडीठाक.

तेव्हा त्याने एक चलाखी केली, आणि तिचा त्याला अभिमान वाटला. आलेख उलटा वाचला. एरवी उंचीवरून पाणी काढतात. त्याने पाण्यावरून उंची काढली. चोवीस सेकंदांना बादली म्हणजे ताशी तीन हजार लिटर, आणि तीन हजार लिटर हा पंप देतो साडेनऊ फुटांवर. टेपने मोजलेली उंची साडेसहा. म्हणजे पंपाचं म्हणणं असं, की मी पाणी तुम्ही म्हणता त्याच्या तीन फूट खालून उचलतोय.

संपातलं पाणी तर डोळ्यांसमोर होतं. खुणेच्या रेघेवर, जिथल्या तिथे.

"तुमच्या हॉलखाली काही आहे का? टाकी, जुनी विहीर?" त्याने रुपलला विचारलं.

"काळा पत्थर आहे. पाया खोदताना मशीनचे दात तुटले, विचारा ह्यांना."

मशीनचे दात तुटले असतील, तर खाली विहीर नाही. संपाचा तळ काचेचा, काचेखाली प्लायवूड, त्याखाली चार बोटं मोकळी जागा. मग पंपच सदोष असणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं पंपाचं झालंय. अमृतने निकाल लावला आणि कपाटाचं दार लावताना त्याची नजर खिळ्यावरच्या वायरकडे गेली. वेटोळं लहान झालं होतं. चांगले पाच वेढे होते, आता दोनच उरले होते. झाडलोट करणाऱ्या बाईच्या हाताला लागून ओढली गेली असेल, त्याला वाटलं.

दुपारी जेवताना पुतळीचा फोन आला. ती रोज त्या वेळी फोन करायची. त्याने तिला गंमत म्हणून सांगितलं, की पंप म्हणतो पाणी साडेनऊ फुटांवर आहे.

"म्हणजे दीड वाव," पुतळी म्हणाली.

"आई, फूट म्हण ना. फूट सगळीकडे सारखा असतो."

"फूट तुझा. दर्याला फूट कुठे कळतो?" आणि मग, सवयीने, "कोणाच्या हाताने मोजलंस?"

"पंपाने."

"पंपाला हात नाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

५

त्याने दुसरा पंप बसवला, दुप्पट ताकदीचा. हा वीस फुटांपर्यंत पाणी चढवतो असं कागदावर होतं. वरचं पाणी झकास आलं, झडप निम्मी बंद करावी लागली. रुपल खूश झाली, पिवळे मासे परत खाली फिरायला लागले.

तीन दिवसांनी झडप पूर्ण उघडली तरी पाणी रेंगाळत होतं. आलेख म्हणाला, बारा फूट. पुढच्या दिवशी, अठरा.

अमृतने हात टेकले नाहीत. तो अशा वेळी जास्तच शांत व्हायचा, वहीत आकडे मांडायचा. आकडे असतात तिथे कारण असतं, आणि कारण सापडतंच. पण मनात आकडे वावात बदलत होते, आणि ते त्याला थांबवता येत नव्हतं. दोन वाव. तीन वाव.

शुक्रवारी सकाळी तो पोचला तेव्हा वरच्या नळीतून काहीच येत नव्हतं. पंप चालू होता, कपाटात कान दिला तर त्याची घरघर ऐकू येत होती. पण ती घरघर कपाटातली वाटत नव्हती. कुणी लांब, शेताच्या पलीकडे, इंजिन लावलेलं असावं आणि वारा आवाज आणत असावा, तशी. बंद कपाटात आवाज घुमतो, अमृतने स्वतःला समजावलं. घुमलेला आवाज मोठा होतो, लांब जात नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

वायरचं वेटोळं उरलंच नव्हतं. वायर खिळ्यापासून सरळ ताणून पाण्यात गेली होती. लवचीक नळीचा बाकही गेला होता.

त्याने बटण बंद केलं. बाही वर सरकवली, डावा हात कपाटाखालच्या चार बोटांच्या फटीत घालून वर दाबला. तळव्याला प्लायवूड लागलं, कोरडं, खरबरीत. उजवा हात त्याने वरून कप्प्यात घातला. मनगट, कोपर. कोपराच्या वर. पाणी सोळा इंचांचं, त्याचा हात सव्वादोन फुटांचा. खांदा कप्प्याच्या काठाला टेकला तरी बोटांना ना तळ लागला ना पंप.

दोन्ही हातांच्या मधे सोळा इंच असायला हवे होते. डाव्या हाताने तो प्लायवूडवर टकटक करत राहिला. वरच्या हाताच्या बोटांना, खालून, थंड पाण्याचा हलका लोंढा लागत होता, जात होता, परत लागत होता.

हात काढून त्याने तो पुसला. मग खिशातून टेप काढली आणि तिचं टोक कप्प्यात सोडलं. एक मीटर. दोन. टेप कुठेही न अडता आत जात राहिली. पाच मीटरवर डबीतून खट् आवाज झाला आणि टेप संपली.

अमृत फरशीवर मांडी घालून बसला. त्याला भीती वाटली. ती त्याने कबूल केली, तशी ती थोडी कमी झाली. मग त्याला आपली रीत आठवली. आधी उंची, मग पंप. इतके दिवस तो उंची न मोजताच पंप बदलत होता. चूक झाली होती ती इथे. खोली आहे हे तर दिसतंच आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? किती आहे तेवढं मोजायचं, त्या मापाचा पंप आणायचा. तो उठला तेव्हा जवळजवळ आनंदात होता.

६

तलासरीच्या नाक्यावर शेतीच्या सामानाच्या दुकानात निळी नायलॉनची दोरी वजनावर विकतात. दुकानदाराने विचारलं, "विहीर किती खोल?"

"तेच बघायचंय."

"अंदाज सांगा ना. कमी पडली तर परत खेप."

अमृतची टेप गाडीत होती, ओली. दहा पावलांवर. तो जागचा हलला नाही. दोरीचं टोक डाव्या हातात धरून त्याने दोन्ही हात पसरले आणि पहिला वाव घेतला, गाठ मारली. दुसरा घेतला. दुकानात उभी असलेली एक बाई त्याचे लांबच लांब हात बघत राहिली. अकरा झाल्यावर तो थांबला. अकराच का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. एवढंच मनात आलं, की माझे अकरा म्हणजे सहासष्ट फुटांच्या वर. बापाचे पंचावन्न. अकरा फूट जास्तीचे, म्हणजे पुरून उरणार.

"तोडू?" दुकानदाराने कात्री उचलली.

"तोडा," अमृत म्हणाला. "चुकीला वाव नाही."

७

हॉलमध्ये कुणी नव्हतं. जिग्नेश पत्रिका वाटायला उंबरगावला गेला होता, रुपल बाहेर काउंटरवर मांडवावाल्याशी हुज्जत घालत होती. तिचा आवाज ऐकू येत होता, त्याच्यामागे हायवेवरच्या ट्रकांचा. दुपारचं ऊन काचेतून थेट टाकीवर पडलं होतं, आणि चारही पिवळे मासे एका कोपऱ्यात, कपाटापासून होईल तितके लांब, एकमेकांना चिकटून उभे होते.

अमृतने पंप आणि नळी ओढून वर घ्यायचा प्रयत्न केला. आली नाहीत. त्याने नाद सोडला आणि दोरीच्या टोकाला जड पाइप पाना बांधला.

तेवढ्यात पुतळीचा फोन. त्याने तो चालू करून फरशीवर ठेवला, आवाज मोठा करून.

"जेवलास?"

"नंतर. कामात आहे."

पाना पाण्यात गेला. पहिली गाठ काठावरून आत गेली. दुसरी. दोरी त्याच्या तळव्यांतून एका लयीत सरकत होती, आणि त्याच्या लक्षात आलं की ही लय हातांना माहीत आहे.

"काय काम?"

"मोजतोय."

"वर का खाली?"

या प्रश्नाचं त्याला हसू आलं. "खाली." पाच. सहा.

"टेपेने ना?"

सात. आठ. आता दोरीला पान्याच्या वजनाशिवाय आणखी काहीतरी होतं, अगदी बारीक, प्रवाहाला लागलेल्या दोरीला असतं तसं. नऊ. दहा. अकरावी गाठ बोटांत आली, आणि तिच्यापुढे दोरीचं कापलेलं टोक. पाना अजून लोंबत होता. तळ नव्हता.

"किती भरले?" पुतळीने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"अकरा."

"कोणाच्या हाताने?"

"माझ्या. आई, माझ्या हाताने अकरा, आणि तरी कमी पडते."

"किती कमी?"

"दोन हात," अमृत म्हणाला. हे त्याला कसं कळलं ते त्याचं त्यालाच समजलं नाही. पण आकडा तोंडातून निघाला आणि त्यासरशी त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं. पाच फुटांच्या माणसाचे अकरा वाव दोन हात कमी पडले होते. सहा फुटांच्या माणसाचेही अकरा वाव दोनच हात कमी पडत होते. मग हातांचा दोष कुठे होता? कुणीही मोजली असती, कितीही लांब हातांच्या माणसाने, तरी दोरी दोन हात कमीच पडली असती. बाप चुकला नव्हता. तीस वर्षं ज्याची लाज बाळगली तो माणूस चुकला नव्हता. अमृतचे डोळे भरून आले, आणि त्याला मोठ्याने हसावंसंही वाटलं.

"आई, आबांचा वाव आखूड नव्हता."

"अमृत." पुतळी खूप हळू बोलत होती. "दोरी सोड. सोड आणि बाहेर ये. मला ते मोजून नको. मी तीस वर्षांत कुणाकडे मागितलं नाय."

त्याच वेळी दोरीला झटका बसला. एक. आणि लगेच दुसरा.

दोन झटके. सोड, अजून सोड.

सोडायला दोरी नव्हती. पण दोन हात कमी पडत होते, आणि दोन हात त्याच्याकडे होते. हिशेब इतका सरळ होता की त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दोरीचं टोक मुठींत घट्ट धरून अमृतने दोन्ही हात कप्प्यात घातले. कोपर बुडाले, खांदे काठाला टेकले, गाल पाण्याला लागला. ओठांना लागलेलं पाणी खारट होतं. मिठाच्या पोत्याची चव त्याच्या ओळखीची होती, आणि ही ती नव्हती.

दोरी सैल झाली. खाली काहीतरी तळाला लागलं.

बाहेर रुपल कुणाला तरी सांगत होती, की रविवारी सकाळी दहाच्या आत मांडव झाला पाहिजे म्हणजे झाला पाहिजे.

मग त्याच्या बोटांना बोटं लागली. आखूड, जाड, दोरीने घट्टे पडलेली. त्यांनी त्याची मूठ चाचपली, सोडली. एक अंगठा त्याच्या मनगटावर टेकला आणि त्याच हाताची करंगळी ताणत कोपराकडे गेली. एक वीत. करंगळी होती तिथे अंगठा आला, आणि करंगळी पुन्हा पुढे सरकली. दुसरी वीत. घाई नव्हती. नीट, सावकाश, आता चूक होऊ द्यायची नाही असं ठरवलेल्या माणसासारखी ती बोटं कोपरावरून वर दंडाकडे येत होती.

"अमृत!" फरशीवरच्या फोनमधून पुतळी ओरडली. "अरे, करतोस काय तू?"

"थांब आई," तो म्हणाला. "मोजतोय."

पलीकडून तिने विचारलं,

"कोण?"